एकवीस फेरे

काटेमास्तरांनी आयुष्यात डोळे मिटून विश्वास ठेवला तो एकाच गोष्टीवर, आणि ती म्हणजे स्वतःचे डोळे.

एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतले वजनकाटे तपासले, बिघडलेले दुरुस्त केले. सायकलच्या मागे पितळी वजनांची पेटी बांधायची आणि बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडायचं. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी पारडं पुसायचा आणि मग हसायचा. त्या एकतीस वर्षांत मास्तरांनी पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा पाहिला, आतून कोरून पोकळ केलेली वजनं पाहिली. एक काटा तर असा पाहिला, की तो तपासणीच्या वेळी साधूसारखा खरं बोलायचा आणि गिऱ्हाईक आलं की दुकानदाराच्या गुडघ्याच्या इशाऱ्यावर खोटं. भगवंताने माणूस सरळच घडवला असेल, त्याबद्दल मास्तरांची तक्रार नव्हती. पण हातात काटा आला की त्याच माणसाचं बोट पारड्याकडे कसं सरकतं, हे त्यांनी इतक्या जवळून बघितलं होतं की घरी चहात साखर कमी पडली तरी ते आधी डब्याकडे बघायचे आणि मग बायकोकडे.

"मी खाल्ली हो साखर, मूठभर," मास्तरीणबाई म्हणायच्या. "पंचनामा करा."

निवृत्त झाल्यावर असा माणूस स्वस्थ बसेल तर शपथ. त्यांना काम दिलं ते धाकटीने, म्हणजे मास्तरीणबाईंच्या धाकट्या बहिणीने. धाकटी नर्स. सरकारी आरोग्य केंद्रातून सायकलवर निघायचं, घरोघर जाऊन कुणाची जखम बांधायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब बघायचा, हा तिचा रोजचा फेरा. एके दिवशी ती आली ती दोन्ही तळहात लालबुंद घेऊन. चाक पंक्चर झालं होतं. पंक्चर तिने स्वतः काढलं, पण पिशवीतल्या त्या वीतभर पंपाने हवा भरता भरता जीव अर्धा झाला. सुरुवातीला दांडा बरा चालतो आणि टायर जरा कडक झालं की दगड ढकलल्यासारखं होतं. शेवटी जोर लावता लावता पंपाच्या तोंडाने ट्यूबची नळीच मुळापासून फाडली. तिकडे एक आजोबा इंजेक्शनची वाट बघत दीड तास कण्हत पडले.

"भाऊजी, एवढे काटे सुधारलेत," ती हात पाण्याखाली धरून म्हणाली, "एक पंप सुधारा की. पुण्य लागेल."

धाकटी बोलून गेली. मास्तरांनी मात्र ते देववाणीसारखं घेतलं आणि दोन वर्षं त्यापायी घातली.

पंप झाला मात्र खरोखर देखणा. लांबी वीतभरच, पण आत दोन नळ्या, एकीत एक. पहिले वीस-पंचवीस दाब जाड नळीने मारायचे, टायर फुगून येतं. मग मुठीला एक पीळ द्यायचा, की जाड नळी गप्प बसते आणि आतली बारीक नळी काम करू लागते. हवा थोडी थोडी जाते, पण हाताला ओझं होत नाही. पंप आणि चाक यांच्यामध्ये बोटभर रबरी नळी, म्हणजे कितीही जोर लावा, ट्यूबला हिसका बसत नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी झडप. वाटाण्याहून लहान पोलादी छर्रा, त्याला बसायला पितळेत कोरलेली गोल बैठक, आणि छर्ऱ्याला बैठकीवर दाबून धरणारी नाजूक स्प्रिंग. हवा पुढे जाते तेव्हा छर्रा उठतो, हवा मागे येऊ बघते तेव्हा बसतो. पंपाचा प्राण तिथेच.

आणि तिथेच मास्तरांनी आपलं कुलूप घातलं होतं.

असं बघा, पंप बनवायचा तर कारागीर लागणार, आणि कारागिराला कागद द्यावा लागणार. कागद गेला की चोरी झालीच, असा मास्तरांचा हिशेब. म्हणून त्यांनी नळ्या एका कारखान्यात करून घेतल्या, मूठ दुसऱ्याकडे, झडप तिसऱ्याकडे, आणि कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही. पण तेवढ्यानेही झोप येईना. मग झडपेच्या कागदावर त्यांनी बैठकीची खोली मुद्दाम चुकीची लिहिली. खरी खोली सहा पूर्णांक चार मिलिमीटर. कागदावर सहा. एवढ्याशा फरकाने स्प्रिंग जास्त आवळली जाते आणि पंप बाजारातल्या पंपांसारखाच जड चालतो. म्हणजे कागद चोरणारा मेहनत करून करून शेवटी दगडच विकणार! आणि झडपा घरी आल्या की मास्तर खोलीचं दार लावून, स्वतः बनवलेल्या चार दातांच्या बारीक हत्याराने, प्रत्येक बैठक उरलेली चार दशांश खोल कोरून घ्यायचे. ती जागा इतकी अरुंद की मोजायचं कुठलंही साधन तिथे पोचत नव्हतं. म्हणून त्यांनी फेरे मोजले. बरोबर एकवीस फेरे, ना वीस, ना बावीस.

हे माप जगात फक्त त्यांच्या डोक्यात होतं.

"मलासुद्धा नाही सांगायचं?" मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं.

"तू टर्नरच्या बायकोशी बोलतेस."

"तिच्याशी मी गुडघ्यांबद्दल बोलते हो. तिचे दुखतात, माझे दुखतात. तुमच्या छर्ऱ्याला गुडघे आहेत का?"

टर्नर म्हणजे झडप बनवणारा. त्याची लेथ चौथ्या गल्लीत, एका लांबोडक्या खोलीत. खिडकीखाली यंत्र, खाली लोखंडाच्या कुरळ्या कातरणांचा ढीग, आणि भिंतीला टेकलेला एक जुना बाक, ज्याच्या एका टोकावर गेली तीस वर्षं मास्तरच बसत. काट्यांच्या दांड्या, पाचरी, खुंट्या, सगळं त्यांनी याच माणसाकडून करून घेतलेलं. टर्नर बोलायला कमी, ऐकायला चांगला आणि हाताने असा की त्याने कातलेल्या पितळेत तोंड दिसावं. मास्तरांना जगात मित्र म्हणावा असा हा एकच.

आणि म्हणूनच संशयाला सगळ्यांत जास्त खाणंपिणं तिथेच मिळालं.

सुरुवात झाली ती अगदी साध्या गोष्टीने. धाकटीने पहिल्या नमुन्याचा पंप महिनाभर वापरला, केंद्रात सगळ्यांना दाखवला, आणि मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सने, निरोप धाडला की सहा पंप द्या. सहा जणी आठवडाभर वापरतील. जमलं तर केंद्रातल्या सगळ्या सायकलींना हाच पंप, आणि शिफारस वरही जाईल. नाही जमलं तर विषय संपला, कारण भांडारात दुसऱ्या एका कंपनीचे पंप येऊन पडलेच होते. मास्तरांनी झडपेचे सहा नग टर्नरला सांगितले.

"मास्तर," टर्नर कागद उलटसुलट करत म्हणाला, "याच्यात स्प्रिंग कुठली बसवतोस? एक दाखव ना."

मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. "तुला काय करायचीय स्प्रिंग? तुझं काम पितळ."

"बघायची होती नुसती."

"नुसतं बघायला लोक सिनेमाला जातात."

टर्नर हसला नाही. त्याने कागद घडी करून खिशात घातला. लेथवर खिळ्याला न अडकवता खिशात! मास्तर घरी पोचेपर्यंत हे त्यांना चार वेळा आठवलं.

तीन दिवसांनी ते नग बघायला गेले, तर दारात पाऊल पडताच टर्नरने बाकाखालचा खण फाटकन बंद केला.

"काय रे?"

"काही नाही. डबा."

"डब्याचा आवाज असा नसतो," मास्तर म्हणाले. आवाजावरून पत्रा की पितळ हे ओळखण्यात त्यांची हयात गेली होती, आणि खणात पितळ वाजलं होतं.

त्याच आठवड्यात धाकटी जेवायला आली आणि सहज म्हणाली, "भाऊजी, टर्नरकाकांनाही दिलात का पंप? त्यांच्या सायकलच्या दांड्याला बांधलेला बघितला. मूठ लाकडी होती, पण बाकी तस्साच."

मास्तरांचा घास हातातच राहिला. मास्तरीणबाईंनी नवऱ्याचं तोंड बघितलं आणि बहिणीला टेबलाखालून पाय मारला. पण आता काय उपयोग!

"नाही," मास्तर म्हणाले. "मी कुणालाही दिलेला नाही."

"अहो, मग दुसरा कुठला तरी असेल. वीतभर पंप सगळे सारखेच दिसतात," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"दोन बोटं जाड, रबरी नळी बोटभर?" मास्तरांनी धाकटीला विचारलं.

धाकटीने ताटात बघितलं. "मी लांबून बघितलं हो."

माणसाच्या मनाची गंमत बघा. तीस वर्षांचं प्रेम एका बाजूला ठेवलं आणि एक लाकडी मूठ दुसऱ्या बाजूला, तर पारडं मुठीकडे झुकलं. मास्तरांनी टर्नरला विचारलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळलंय हे त्याला कळणार. तपासनीस कधी आधी सांगून येतो का? त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. सहा झडपा घेतल्या, कामाची तारीफसुद्धा केली, आणि घरी येऊन दार लावलं. हत्यार घातलं, एकवीस फेरे. दुसरी झडप, एकवीस फेरे. पितळ नेहमीपेक्षा जरा मऊ लागतंय असं त्यांना वाटून गेलं, पण त्यांचं अर्धं मन चौथ्या गल्लीतल्या खणात होतं. सहाही पंप जोडून त्यांनी टेबलावरच्या शिकंज्यात उभे धरले, दाब दाखवणारी तबकडी लावली आणि एकेक तपासला. काटा चढला तो चढलाच, तसूभर मागे आला नाही. सहाच्या सहा पास.

सोमवारी पंप केंद्रात गेले. बुधवारी दुपारी धाकटी दारात उभी राहिली, आणि तिचं तोंड बघूनच मास्तरीणबाईंनी पाण्याचा तांब्या आणला.

"भाऊजी, परत येतेय हवा."

"कुठली हवा?"

"भरलेली! दांडा खाली दाबला की जाते, आणि सोडला की तीच हवा दांड्याला वर ढकलते. एका बाईंच्या हनुवटीला मूठ लागली. सहाही पंप, भाऊजी. एकही धड नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, शुक्रवारी सकाळी आठला शेवटचं बघते. नाहीतर भांडारातले वाटून टाकते."

मास्तरांनी तिच्या पिशवीतून दोन पंप ओढून काढले, टेबलावर नेले, शिकंज्यात उभे धरले. काटा चढला. थांबला. हललाही नाही. दुसरा लावला, तोही तसाच. धाकटीने मग अंगणात स्वतःच्या सायकलशी वाकून, पंप आडवा धरून दाब मारला. मूठ उसळून तिच्या मनगटावर आदळली.

मास्तर तिथेच ओट्यावर बसले. माझ्या टेबलावर खरा, आणि माझ्या पाठीमागे खोटा! गुडघ्याच्या इशाऱ्यावर डोलणारा तो काटा त्यांच्या डोळ्यांपुढे आला. हे आपोआप होत नसतं. हे कुणीतरी, जाणत्या हाताने, बसवून दिलेलं असतं. म्हणजे आपले पंप पाडायचे, आणि मग लाकडी मुठीचा बाजारात काढायचा.

"कुठे निघालात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"चौथ्या गल्लीत."

"भांडायला?"

"तपासायला."

"चपला तरी नीट घाला. डावी उजव्या पायात गेलीय."

लेथ बंद होती. टर्नर मागच्या नळावर हात धूत होता, पाण्याचा आवाज येत होता. मास्तर आत शिरले, बाकाशी वाकले आणि ज्या हातांनी आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडली, त्याच हातांनी मित्राचा खण न विचारता उघडला.

आत पंप होता. लाकडी मुठीचा, वीतभर. शेजारी स्प्रिंगचे पाच-सात तुकडे, एक तुटका, एक ताणलेला. आणि त्याखाली कॅलेंडरचं एक फाडलेलं पान, त्यावर पेन्सिलने आकडेमोड, खोडाखोड, आणि शेवटी गोल काढून त्यात लिहिलेलं: ६.४.

जो आकडा त्यांनी सख्ख्या बायकोला सांगितला नव्हता, तो कॅलेंडरच्या पानावर!

"तपासणी चाललीय?" मागून टर्नरचा आवाज आला. हातात टॉवेल होता.

"चोर आहेस तू," मास्तर म्हणाले. आवाज एवढा बारीक निघाला की त्यांचं त्यांनाच कळेना. "हे माप कुठून आणलंस?"

"बस आधी."

"मी बसणार नाही! तीस वर्षं बसलो तेच चुकलं. कुणाला विकलंस? ते भांडारात पंप येऊन पडलेत त्या कंपनीला? माझे सहा बिघडवलेस ते कुणाच्या सांगण्यावरून?"

"बिघडले?" टर्नरचा टॉवेल थांबला. "कसे बिघडतील? मी तर सुधारून दिले."

खोलीत पाण्याच्या थेंबांचा आवाज येत राहिला. नळ नीट बंद झाला नव्हता.

"काय केलंस म्हणालास?"

टर्नर बाकाच्या आपल्या टोकावर बसला. "मागच्या वेळची एक झडप माझ्याकडे जास्तीची उरली होती. वाटलं, दोन वर्षं हा माणूस कशाच्या मागे लागलाय ते एकदा हातात घेऊन बघावं. तू तर काही सांगत नाहीस. जुन्या पंपाची मूठ लावली, नळी लावली. तर मेला एवढा जड! म्हटलं, मास्तरचं माप चुकलं. स्प्रिंग आवळली जातेय. मग थोडी थोडी बैठक खाली नेत गेलो. सहा पूर्णांक चारला असा चालायला लागला म्हणून सांगू, लोण्यासारखा. या सहा झडपा मी परस्परच तशा कातल्या. लेथला मापाची चकती असते, तिच्यावर मोजून."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुला?" टर्नरने पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "अकरा वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं, मास्तर, तुझ्या दांडीचं भोक अर्धा मिलिमीटर सरकलंय. आठवतं काय केलंस? दोन महिने या गल्लीत पाऊल टाकलं नाहीस. माझ्या बायकोने तुझ्या बायकोकडून कळवलं, तेव्हा आलास. या वयात अजून दोन महिने घालवायची माझी तयारी नाही बाबा. म्हटलं गुपचूप नीट करून द्यावं, पंप चालेल, हा खूश होईल, त्याचंच माप बरोबर होतं असं समजेल. काय बिघडलं?"

बिघडलं काय ते मास्तरांना आता पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत कळत होतं. सहा पूर्णांक चारवर एकवीस फेरे. सहा पूर्णांक आठ. स्प्रिंग ढिली. पंप उभा असला की छर्रा स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि सगळं साधूसारखं खरं दिसतं. आडवा धरला की छर्रा बाजूला लोळतो आणि हवा परत येते. रस्त्यावर वाकून हवा भरणारी कुठली नर्स पंप उभा धरते? पितळ मऊ नव्हतंच. तिथे हवं तेवढं आधीच कापलेलं होतं, आणि तरी त्यांनी मोजून मोजून कापलं होतं.

आता हे सांगायचं कसं? सांगायचं म्हणजे कागद खोटा होता हे सांगायचं. नुसती मान हलवून निघून जाता आलं असतं. मूळचं पितळच खराब होतं, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण शुक्रवार परवावर आला होता, आणि या चार दशांशांचा तोडगा या खोलीबाहेर कुणाकडेच नव्हता. शेवटी मास्तर बाकावर बसले, आपल्या टोकावर, आणि खणातला पंप मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत म्हणाले,

"माप चुकलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं होतं."

"तेच ते."

"नाही. मुद्दाम लिहिलं होतं. घरी नेऊन मी स्वतः कोरायचो. एकवीस फेरे."

टर्नरने हिशेब करायला वेळ घेतला नाही. त्याच्या भुवया वर गेल्या, मग हळूहळू खाली आल्या.

"मुद्दाम," तो म्हणाला. "म्हणजे कुणी कागद चोरला तर."

"हो."

"कागद तर माझ्याकडेच होता."

मास्तरांनी आयुष्यात शेकडो दुकानदारांना या जागी उभं केलं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं.

टर्नर उठला, नळ घट्ट बंद करून आला. "अरे, मी रात्रंदिवस कपाळाला हात लावत होतो, की एवढा हुशार माणूस, याचं माप चुकलं कसं! तुझी काळजी वाटली मला. म्हटलं डोळे तरी तपासून घे म्हणावं." मग तो फडक्याने लेथ पुसत राहिला. मास्तरांना तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. "पंप आण सगळे," शेवटी तो म्हणाला. "तुझ्यासाठी नाही. त्या बाईंच्या हनुवटीसाठी."

"काय करणार?"

"स्प्रिंगच्या मागे पातळ चकती. ढिली पडलीय ती भरून निघेल. पण जाडी नेमकी पाहिजे. किती कापलंस? खरं सांग."

"चार दशांश."

"एकवीस फेऱ्यांना पुरे चार?"

"पुरे चार. शपथ."

टर्नर त्यांच्याकडे क्षणभर बघत राहिला, आणि पहिल्यांदाच त्या बघण्यात तपासनीसाची नजर होती. मग त्याने पितळेची पट्टी उचलली.

गुरुवारचा सगळा दिवस त्यात गेला. टर्नर चकत्या कापायचा, मास्तर त्या सपाट दगडावर घासायचे. प्रत्येक चकती मास्तर मोजायचे आणि टर्नरही मोजायचा. आधी असं कधी झालं नव्हतं, पण मास्तर प्रत्येक चकती स्वतःहून त्याच्या हातात ठेवायचे. दुपारी मास्तरीणबाई आणि टर्नरची बायको डबा घेऊन आल्या, दोघींनी दारातूनच आत बघितलं.

"भांडण झालं का?" टर्नरच्या बायकोने हळूच विचारलं.

"झालंय," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण एकाच बाकावर झालंय."

शुक्रवारी आठला केंद्राच्या अंगणात सहा सायकली ओळीने उभ्या होत्या आणि सहाही चाकं रिकामी केलेली. मोठ्या बाई बुटक्या, चष्मा नाकावर, हातात वही. त्यांनी पंप नर्सला दिलाच नाही. स्वतः पायरीवर बसल्या, चाक ओढून घेतलं, पंप आडवा धरला, तिरका धरला, मग चक्क उलटा धरला. मास्तरांना दर दाबाला वाटत होतं, आता उसळणार. दांडा शांतपणे खालीवर होत राहिला. मोठ्या बाईंनी मुठीला पीळ दिला, वीस दाब मारले, टायर अंगठ्याने दाबून बघितलं आणि चष्मा वर सारला.

"सोमवारी दिलेल्यांना काय झालं होतं?"

टर्नरने आभाळाकडे बघितलं. धाकटीने बुटांकडे.

"माझी चूक," मास्तर म्हणाले. "मी माझ्या माणसाला माप खोटं सांगितलं होतं."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे आणि मग टर्नरकडे पाहिलं. उरलेली पाच चाकं त्यांनी पाच जणींकडून भरून घेतली. पाचही जणींनी पंप आपापल्या सवयीने धरले, पाचही चाकं भरली. मग त्या आत टेबलाशी गेल्या आणि वहीत काहीतरी लिहून म्हणाल्या, "घेऊ आपण. पण एक गोष्ट. पंपाचा पूर्ण आराखडा इथे फाइलला लागेल. उद्या झडप झिजली, मूठ तुटली, तर कुणाही कारागिराकडून करून घेता आली पाहिजे. आणलाय का?"

मास्तरांनी पिशवीतून आराखडा काढला. निळ्या शाईतला, सुबक, दोन वर्षांचा. टेबलावर उलगडला आणि हात त्यावरच राहिला.

"एक मिनिट. पेन मिळेल?"

त्यांनी बैठकीच्या खोलीवर रेघ मारली, वर लिहिलं सहा पूर्णांक चार, आणि पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं. रबरी नळीच्या आतल्या व्यासावर रेघ मारली, दुसरा आकडा लिहिला.

टर्नरने स्टूल जवळ ओढलं. "तिथेही?"

"तिथेही."

मग मुठीच्या आट्यांचं माप. मग आतल्या नळीची लांबी.

"अजून?" टर्नर म्हणाला.

"वॉशरची जाडी," मास्तर कागदावरून नजर न काढता म्हणाले. "ती चामड्याची लिहिलीय. रबराची आहे."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "अहो मास्तर, मग या कागदावर खरं काय होतं?"

मास्तरांनी कागद वरून खालपर्यंत नीट वाचला.

"तारीख," ते म्हणाले. आणि जरा थांबून, पेनाचं टोपण उघडत, "नाही. तीही आदल्या महिन्याची टाकली होती."

टर्नरला मग हसू आवरेना. तो टेबलाला धरून हसला, स्टूल हललं, धाकटी हसली, दारातल्या पाचही जणी का हसतात ते न कळता हसल्या. मास्तर खाली मान घालून, एकेक माप खोडून, खरं लिहीत राहिले, आणि प्रत्येक आकडा त्यांनी टर्नरला तपासून घ्यायला लावला.